अंगण वाकडं की हात? जॉयस्टिकवाल्यांचे प्रश्न

विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेमबद्दल या वेळी आलेल्या प्रश्नांत विमानांबद्दल कमी आणि जॉयस्टिकबद्दलच जास्त विचारलंय, आणि बऱ्याच जणांचा सूर एकच, "स्टिक खराब निघाली का हो?" आपल्याकडे म्हणच आहे, नाचता येईना अंगण वाकडं. पण या खेळात कधीकधी अंगण खरंच वाकडं निघतं, त्यामुळे लगेच कुणाला हसत नाही, एकेकाचं बघूया. टोपणनावं तुम्ही लिहिलीत तीच ठेवलीयेत.

प्रश्न : वर्षभर कीबोर्डवर सेसना १७२ हे छोटं विमान उडवत होतो, बऱ्यापैकी जमत होतं. आता हौसेनं जॉयस्टिक घेतली तर लँडिंगला विमान नुसतं डोलतं, नाक वर गेलं म्हणून पुढे ढकललं की भलतंच खाली जातं, मग परत ओढा, डावीउजवीकडेही तेच, रनवे येईपर्यंत मनगट दुखायला लागतं. कीबोर्डवर हे कधी झालं नव्हतं. परत करू का? – उडाणटप्पू

उत्तर : नको, निदान आठ दिवस तरी थांबा. कीबोर्डवर झालं नाही कारण तिथे गेम तुम्हाला सांभाळून घेत होता, बटण दाबलं की बहुतेक गेम पंखांवरचे पडदे हळूहळू हलवतात आणि सोडलं की हळूहळू परत आणतात. जॉयस्टिक लावली की ती गादी निघून जाते, हात जे करेल तेच विमान करतं, आणि आपला हात किती धसमुसळा आहे ते तेव्हा कळतं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळं इथेच अडतं. आपण स्टिक गाडीच्या स्टिअरिंगसारखी धरतो. गाडीत वळण संपेपर्यंत स्टिअरिंग वळवून धरावं लागतं. विमानात स्टिक डावीकडे दाबली की ते डावीकडे कलायला लागतं आणि दाबून ठेवाल तोवर कलतच जातं. वीस अंश कलायचंय ना, मग वीस यायच्या जरा आधीच स्टिक मधे आणायची, विमान त्या कलावर राहतं आणि आपलं आपण वळत राहतं, नाक पडू नये म्हणून अगदी थोडं मागे ओढायचं बास. सरळ व्हायचं असेल तर उलट बाजूला दाबायचं आणि परत मधे. म्हणजे 'किती कलायचं' हे स्टिक सांगतच नाही, 'किती जोरात कलत जायचं' एवढंच सांगते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी झटापट संपते.

उरलेली निम्मी उशिराची. तुम्ही स्टिक हलवता, विमान क्षणभरानं हलतं, तेवढ्यात तुम्हाला वाटतं काहीच झालं नाही म्हणून तुम्ही आणखी दाबता, मग दोन्ही मिळून विमान जास्त जातं, घाबरून उलटं दाबता, ते पण जास्त. वरातीमागून घोडं. मी नवीन असताना एकदा लँडिंग करताना स्वतःच्या हाताचा मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, मागून फोन टेकवून. उतरताना वाटत होतं की वारा फार आहे. नंतर व्हिडिओत बघितलं तर हात अक्षरशः स्टिक घुसळत होता, थांबतच नव्हता, आणि गेममधे वारा शून्यावर होता! लाज वाटली पण खूप शिकलो, तुम्हीही काढून बघा.

आणि हे आपल्यासारख्यांनाच होतं असं नाही. १९७४ साली २० जानेवारीला अमेरिकेत एडवर्ड्स एअर फोर्स बेसवर एफ-१६ च्या पहिल्या नमुन्याची, म्हणजे वायएफ-१६ ची, नुसती रनवेवर वेगात पळवायची चाचणी चालू होती, उडवायचं नव्हतंच. विमानाची स्टिक जवळजवळ हलायचीच नाही, हाताचा दाब मोजायची, आणि आडवं कलण्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जराशा दाबाला किती जोरात कलायचं ते, फार जास्त ठेवलेली. विमान डावीउजवीकडे डोलायला लागलं, सावरायला जावं तसं आणखी डोलायला लागलं, मागचा भाग रनवेला घासला. पायलट फिल ओस्ट्रायकर यांनी ठरवलं की जमिनीवर सावरत बसण्यापेक्षा उडालेलं बरं, आणि उडवलं, काही मिनिटांनी नीट उतरवलं सुद्धा. ठरलेलं पहिलं उड्डाण पुढे २ फेब्रुवारीला झालं. त्यानंतर काय केलं, तर सेन्सिटिव्हिटी कमी केली, आणि पुढे त्या स्टिकला थोडीशी हलायची मुभाही दिली. एवढ्या मुरलेल्या टेस्ट पायलटच्या हातात हे होतं तर तुमच्या माझ्या मनगटाचं काय घेऊन बसलात.

तर तुम्हीही तेच करा. गेमच्या सेटिंगमधे सेन्सिटिव्हिटीचा कर्व्ह असतो, म्हणजे स्टिक किती हलली की विमानानं किती ऐकायचं त्याचा आलेख. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमधे तो उणे ३० ते उणे ५० च्या आसपास नेऊन बघा, डीसीएस या लढाऊ विमानांच्या गेममधे ॲक्सिस ट्यूनमधे कर्व्हेचर १५-२० ठेवा, एक्स-प्लेनमधेही कर्व्ह बदलता येतो. त्यानं मधल्या भागात स्टिक सौम्य होते आणि टोकाला पूर्ण जोर मिळतोच. फार वाकवू नका मात्र, नाहीतर मधे काहीच होत नाही आणि टोकाकडे एकदम भडका, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

हाताचं म्हणाल तर कोपर किंवा मनगट कुठेतरी टेकलेलं पाहिजे, अधांतरी हातानं बारीक काम होत नाही. मूठ आवळू नका, अंगठा आणि दोन बोटं पुष्कळ झाली. लँडिंग सध्या विसरा. तीन हजार फुटांवर जा, स्टिक अगदी जराशी दाबा, सोडा, आणि हात उचलून मांडीवर ठेवा, विमान काय करतं ते नुसतं बघा. मग पुढचं. दाबा, सोडा, बघा, असं पंधरा मिनिटं.

आणि ट्रिम वापरा हो, म्हणजे स्टिक धरून न ठेवता नाक एका जागी राहावं यासाठीची सोय! ट्रिम न लावता स्टिक मागे ओढून धरून सगळं अंतर काटणारे लोक मी पाहिलेत, मनगट दुखणार नाही तर काय होईल. हॅट स्विचचं (स्टिकच्या डोक्यावरचं, अंगठ्यानं चारी दिशांना दाबायचं छोटं बटण) वरखाली किंवा अंगठ्याजवळची दोन बटणं ट्रिमला द्या. आधी स्टिकनं नाक पाहिजे तिथे आणून धरा, वेग स्थिर होऊ द्या, मग ट्रिम एकेक टिचकी देत जा आणि तेवढ्यानंच हात सैल करत जा, शेवटी स्टिक मधे आणि नाक तिथेच. सेसना १७२ ला फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे, उतरताना खाली सोडायचे पडदे) पूर्ण, वेग साधारण ६५ नॉट आणि मिनिटाला साधारण ३५० फूट उतरण, असं ट्रिम करून ठेवलंत तर रनवे येईपर्यंत हाताला फारसं कामच उरत नाही.

प्रश्न : स्टिक मागे ओढली की वर जातं, पुढे ढकलली की खाली. हे उलटं का? इन्व्हर्ट करून टाकू? – गोंधळलेली

उत्तर : करू नका, नंतर फार त्रास होईल. उलटं नाहीये ते. मागे ओढलं की शेपटीवरचा एलेव्हेटर वर उचलला जातो, त्यामुळे शेपूट खाली दाबली जाते आणि नाक वर येतं. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे स्टिक एखाद्याच्या डोक्यावर उभी आहे असं समजा, मागे ओढलीत की तो आकाशाकडे बघणार. दोन दिवसांत सवय होते. फक्त एक, विमान खाली पडतंय म्हणून आणखी मागे ओढत राहायचं नाही. वेग संपून स्टॉल झालेला असेल, म्हणजे पंखांची उचलच गेलेली असेल, तर जितकं ओढाल तितकं जास्त पडाल, तिथे पुढेच ढकलावं लागतं आणि मनाला ते अजिबात पटत नाही.

प्रश्न : हात सोडला की माझं विमान हळूहळू डावीकडे कलतं. गेम परत टाकला, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, ड्रायव्हर टाकले, काही फरक नाही. सांगा आता यात माझ्या हाताचा काय दोष, हात तर मी लावलेलाच नाही! – वैतागलेला

उत्तर : तुमचं अंगण वाकडं असू शकतं, मान्य. पण आधी गेम बंद करा आणि स्टिक एकटीच तपासा. विंडोजमधे रनमधे जाऊन जॉय डॉट सीपीएल टाईप करा, गेम कंट्रोलरची खिडकी उघडेल, तिथे प्रॉपर्टीजमधे चौकोनात एक छोटी अधिकची खूण दिसते. हात न लावता ती मधोमध स्थिर आहे का? स्टिक सगळीकडे नेऊन सोडा, परत त्याच जागी येते का? हळूहळू एका बाजूला नेताना सरळ सरकते का मधेच उड्या मारते?

खूण मधे स्थिर असेल तर स्टिक सुटली, दोष दुसरीकडे. सगळ्यात जास्त सापडणारी भानगड म्हणजे दोन उपकरणं एकाच कामाला लावलेली. गेमपॅड पण जोडलेला असतो, गेम त्यालाही आपणहून एलरॉन (विमान डावीउजवीकडे कलवणारे पंखांवरचे पडदे) देऊन टाकतो, आणि तो कोपऱ्यात पडल्या पडल्या विमान कलवत असतो. लोक तीन तीन दिवस स्टिक उघडून बसतात आणि गुन्हेगार सोफ्यावर. नको असलेलं उपकरण काढा किंवा त्याची मॅपिंग पुसा. मग बघा एलरॉन ट्रिम चुकून हललंय का, गेममधे वारा लावलाय का, एका पंखातलं इंधन दुसऱ्यापेक्षा जास्त आहे का. आणि एक इंजिनाच्या पंख्याच्या विमानात थोडं डावीकडे जाणं हे खरंच असतं, तो बिघाड नाही.

खूण मधे नसेल तर त्याच खिडकीत कॅलिब्रेशन करा. काही स्टिक यूएसबी लावताक्षणी आपला मध्यबिंदू आपणच ठरवतात, त्यामुळे जोडताना हात लावू नका, हे सांगूनही पटत नाही लोकांना. थोडासाच फरक उरला तर गेममधे डेडझोन द्या, म्हणजे स्टिकच्या मधला जो पट्टा गेम मोजतच नाही तो, पण दोन-तीन टक्के, फार तर पाच. काहीजण वीस टक्के देऊन बसतात आणि मग तक्रार की विमान ऐकत नाही, मग एकदम ऐकतं. लँडिंगचं बारीक काम सगळं मधल्याच पट्ट्यात असतं, तोच तुम्ही मारून टाकला तर उरलं काय.

उड्या मारत असेल तर मात्र आतला सेन्सर झिजलाय. स्वस्तातल्या स्टिकमधे पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा, आत एक पातळ पत्री पट्टीवर घासत फिरते. वर्षानुवर्षं मधल्याच जागी घासून तिथली पट्टी जाते किंवा धूळ बसते, आणि जुना रेडिओ आवाज फिरवताना जसा खरखरतो ना तशीच ही खरखर आहे, फक्त आवाजाऐवजी विमानाला बसते. स्टिक सोडवून उघडता येत असेल आणि वॉरंटी संपलेली असेल तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर जरासा फवारून दहावीसदा फिरवा, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. माझी एक जुनी स्टिक असं करून दीड वर्ष चालली, दुसरी एक तासभरही नाही. हॉल सेन्सरवाल्या स्टिकमधे चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतच नाहीत त्यामुळे हे झिजायचं दुखणं नसतं, थ्रस्टमास्टरची टी १६००० एम पुढेमागे आणि डावीउजवीकडे या दोन अक्षांपुरती तशी आहे, शिवाय त्यातल्या प्रत्येक अक्षावर ती १६,३८४ पायऱ्या मोजते, जुन्या आठ बिटवाल्या २५६ मोजायच्या. पुढची घ्याल तेव्हा बटणं किती ते नंतर बघा, आधी सेन्सर कुठला ते विचारा.

प्रश्न : मी डावखुरी आहे. डाव्या हातानं खेळले तर चुकीची सवय लागेल का? – डावखुरी

उत्तर : अजिबात नाही. एअरबसच्या प्रवासी विमानाचा कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याची साइडस्टिक, म्हणजे बाजूला बसवलेली स्टिक, डाव्याच हाताला असते, थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा) उजव्या हाताला. उजवा असो की डावा, कॅप्टन झाला की डाव्या हातानंच उडवतो. फक्त स्टिक घेताना उजव्या मुठीच्याच आकाराची घेऊ नका, दोन्ही हातांना चालणाऱ्या असतात, वर सांगितलेली टी १६००० एम त्यातलीच.

प्रश्न : मजा म्हणजे मला एअरबसचं ए३२० सोपं जातं आणि छोटं सेसना अवघड. मित्र हसतात, म्हणतात एवढं मोठं विमान सोपं कसं असेल, तू ऑटोपायलट लावत असशील. – जंबो

उत्तर : मित्रांना हसू द्या, तुमचं बरोबर आहे आणि कारण मस्त आहे. ए३२० मधे तुमची स्टिक थेट पंखांना काही सांगत नाही, कॉम्प्युटरला सांगते. तुम्ही डावीकडे दाबलं की तो विमान ठराविक वेगानं कलवतो, सोडलं की आहे त्या कलावर धरून ठेवतो, ३३ अंशांपर्यंत. त्याहून जास्त कलवून हात सोडलात तर आपणहून ३३ वर आणतो, आणि ६७ च्या पुढे तर जाऊच देत नाही. नाकाचंही तसंच, आणि ट्रिम तो स्वतः करतो. १९८८ पासून प्रवासी घेऊन उडतंय हे विमान आणि ही पद्धत तेव्हापासूनची.

अजून एक गंमत. खऱ्या ए३२० च्या साइडस्टिकमधे पण नुसती स्प्रिंगच असते, बाहेरच्या हवेचा जोर हातात येत नाही, सोडली की मधे. म्हणजे तुमच्या टेबलावरची स्टिक जवळपास तीच वस्तू. सेसनात तसं नसतं, तिथे वेग वाढला की कंट्रोल जड होतात, कमी झाला की सैल, ट्रिम फिरवलं की कंट्रोलची 'मधली' जागाच सरकते. आपली स्प्रिंग बिचारी ४० नॉटला आणि १२० नॉटला सारखीच घट्ट. खरा पायलट जे हाताला समजून घेतो ते तुम्हाला डोळ्यांनी आणि कानांनी भरून काढावं लागतं, म्हणून छोटं विमान अवघड. फोर्स फीडबॅकवाल्या स्टिक हे थोडंफार देतात, पण त्या वजनदार आणि महाग, त्यापेक्षा वेगाच्या काट्यावर आणि वाऱ्याच्या आवाजावर लक्ष ठेवायची सवय लावा.

एकच सांगतो, ए३२० उतरवताना ३० फुटांच्या खाली आलात की कॉम्प्युटर मुद्दाम हळूहळू नाक खाली घेतो, म्हणजे पायलटला छोट्या विमानासारखं मागे ओढावं लागावं. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो शेवटच्या क्षणी गेमनं दगा दिला.

प्रश्न : टेकऑफला विमान डावीकडे पळतं, रडर (नाक डावीउजवीकडे वळवणारा शेपटीवरचा पडदा) माझा स्टिक पिळून आहे, पिळायला गेलो की कलतं पण. पायानं दाबायचे पेडल घेऊ का? – पीळदार

उत्तर : डावीकडे पळणारच, पंख्याची घुसळलेली हवा गोल फिरत येऊन शेपटीवर डावीकडून आपटते, शिवाय इतर एकदोन कारणं. जोर देतानाच उजवा रडर हळूहळू द्यायला सुरुवात करायची, पळायला लागल्यावर नाही. ऑटो रडर चालू केलंत तर हे सगळं गेम करेल, सुरुवातीला ठेवा, नंतर बंद करा. पिळताना कलतं कारण आपलं मनगट नुसतं पिळत नाही, सोबत झुकतं पण. त्यावर उपाय म्हणून रडरला चार-पाच टक्के डेडझोन द्या, बाकी अक्षांना मी गरज असेल तरच आणि जपून द्या म्हणतो पण इथे द्याच. पेडल घेतले तर सोनंच, हेलिकॉप्टर उडवणार असाल तर जवळजवळ हवेतच. नुसत्या प्रवासी जेटसाठी एवढ्यात नको.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, पायलट व्हायचंय म्हणतो आणि रोज दोन-दोन तास जॉयस्टिक घेऊन बसतो. यातून खरंच काही शिकतो का हा, का नुसता गेम? – एक आई

उत्तर : ताई, दोन्ही. चेकलिस्ट, यंत्रं वाचणं, नकाशा, रेडिओवरची भाषा, उतरायच्या आधी काय काय करायचं त्याचा क्रम, हे तो खरंच शिकू शकतो आणि पुढे उपयोगी पडतं. हाताचं म्हणाल तर तेवढं नाही, अंगाला बसणारा ओढ-दाब टेबलावर कुठून येणार. आणि एक सवय वाईट लागते, सिम्युलेटरवाली मुलं खऱ्या विमानात बसली की डोळे काट्यांना चिकटवून ठेवतात, बाहेर बघतच नाहीत, कारण घरी बाहेर म्हणजे एक स्क्रीन. त्याला सांगा की अधूनमधून कॉकपिटमधले काटे झाकून टाक, क्षितिज बघून उडव, हॅट स्विचनं डावीउजवीकडे मान वळवून रनवे शोध. आणि मधेच थांबवून विचारा, "आत्ता वेग किती असेल, न बघता सांग." पाच-दहा नॉटच्या आत बरोबर आलं तर मुलगा नुसता खेळत नाहीये.

प्रश्न : विमान सुरू केल्या केल्या आपोआप सुसाट सुटतं आणि थ्रॉटल पुढे सारला की इंजिन मंद होतं. व्हायरस आहे का? – घाबरट

उत्तर : व्हायरस नाही, थ्रॉटलचा अक्ष उलटा लागलाय. कंट्रोल सेटिंगमधे थ्रॉटलसमोर रिव्हर्स ॲक्सिसची खूण असते, तिच्यावर टिक करा. आणि तोपर्यंत पार्किंग ब्रेक लावून ठेवा.